मंगलीबाईचा अंगठा

गडचिरोली,
२८ मार्च

प्रिय दिव्यानी,

हाताने लिहितोय, अक्षर सांभाळून घे. रागात काहीही पाठवायच्या आधी ते एकदा कागदावर लिहून बघ, निम्मा राग मनगटातच संपतो, असं तूच सांगितलं होतंस. आज राग नाही. म्हणजे दुसऱ्या कुणावर नाही. पण मोबाईल हातात घेतला की मजकूर संपायच्या आधीच माझं बोट पाठवायच्या बाणावर जातं, हे तुझ्याइतकं कुणी भोगलेलं नाही. म्हणून हा कागद. तिकीट आणायला आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नौकरीचा अर्ज होय का?" मी हो म्हणून टाकलं.

इकडे ऊन चढलंय. घरमालकाच्या मोहाची फुलं आपल्या मागच्या पायऱ्यांवर पडतात आणि दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला त्यांचा वास येतो. कोपऱ्यातला जुना संगणक, ज्याला तू 'आजोबा' म्हणायचीस, अजून आहे. टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून लावतात, आमच्याकडे नाही. तुझी खुर्ची धनराजभाऊंनी कुणाला दिली नाही. तिच्यावर बिघडलेल्या टॅबलेटांचा खोका ठेवलाय, आणि तो खोका कुणी हलवला की मी उगाच भांडतो. सगळ्यांना कारण माहीत आहे, कुणी बोलत नाही. ही इथल्या लोकांची मेहरबानी.

आता मुद्द्याची खबर. सोमवारी धनराजभाऊंनी मला बोलावून सांगितलं, "कुलदीप, तो अंगठा काढून टाक बाबू. सारखी बोंबलते. लोकं आता त्याच्याकडं पाहात पण नाई." मी लगेच पेटलो. म्हटलं, दिव्यानीची चाचणी आहे, हात लावाल तर मी उद्यापासून येणार नाही. ते शांतपणे चहा पीत राहिले आणि म्हणाले, "अबे, कालेज सोडलं तेव्हाही असंच म्हटलं असशीन." मग मी बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसलो. बाजूला दीपाली येऊन बसली. ती नवीन आहे, सावलीची, म्हणजे माझ्याच तालुक्याची. तिने विचारलं, "भाऊ, हा अंगठा अंगठा म्हणता, तो आहे काय?" मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता मलाच इतकं बरं वाटलं की तेच तुला परत लिहितो. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून कशी वाटते ते बघ.

मी तिला सांगितलं की आपल्या संस्थेची माणसं जंगलातल्या गावांत सिकलसेलची तपासणी करतात. पोरांच्या बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा, निकाल टॅबलेटवर टाकायचा. नेटवर्क नसतंच, म्हणून दोन-तीन दिवस त्या नोंदी टॅबलेटच्या पोटातच राहतात. तिथे त्या नीट राहिल्या नाहीत तर कोणत्या पोराला औषध लागेल हे कुणालाच कळणार नाही. हे काम सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे खुर्चीवर बसून विचार करत होतो की काय काय बिघडू शकतं. एक दिव्यानी होती जी उठली आणि तपासणीला जाणाऱ्या मंगलीबाईच्या मागे हेमलकशाच्या पुढच्या तीन गावांत चालत जाऊन आली. आल्यावर म्हणाली, मंगलीबाई काय करते माहीत आहे का? गावात लाइन नाही, एक चार्ज तीन दिवस पुरवायचा असतो, म्हणून प्रत्येक पोराची नोंद झाली की बाई टॅबलेटच्या बंद-चालूच्या बटणावर अंगठा ठेवते आणि पडदा काळा होईपर्यंत काढत नाही. दिव्यानीने विचारलं तर बाई म्हणाली, "झोपवा लागते न त्याले. जागा राह्यला का खाते."

कंपन्यांमधले हुशार लोक असं कुणी करत असेल हे स्वप्नातसुद्धा धरणार नाहीत. नोंद लिहिली जात असतानाच अंगठा पडला तर? तू त्या दिवशी जेवली नाहीस. संध्याकाळपर्यंत चाचणी तयार होती, आपला प्रोग्राम नोंदी नीट ठेवतो का हे रोज आपोआप तपासणारी. नोंद साठवायला सुरुवात करायची, डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ थांबायचं, आणि धाडकन सगळं बंद करायचं. मग उघडून बघायचं: नोंद पूर्ण असली पाहिजे, नाहीतर कालची जुनी तरी धड असली पाहिजे. अर्धी चालणार नाही. चाचणीला तू नाव दिलंस 'मंगलीबाईचा अंगठा'. आपल्या साडेतीनशे चाचण्यांत माणसाचं नाव असलेली ती एकच.

आणि तो लाकूड डेपोचा धडा. तो तर मी दीपालीला उभं राहून सांगितला. मी तेव्हा तुमच्याकडे नवा होतो, चंद्रपूरच्या कॉलेजातून तिसऱ्या वर्षाला जर्नल फाडून आलेला. परीक्षेला आलेल्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणाचं उतरवलं, आणि मी त्यांच्या टेबलावर जर्नलचे तुकडे ठेवून निघून आलो होतो. ही हकीकत मी पहिल्याच दिवशी तुला शूरपणाने सांगितली. तू म्हणालीस, "फाडलेली वही कोणाची होती?" मी म्हटलं माझी. "मंग नुकसान कोणाचं झालं?" एवढंच विचारून तू वळलीस आणि परत कामाला लागलीस. मला वाटतं मी त्याच मिनिटाला कामातून गेलो.

तर डेपो. नोंद साठवायचा भाग माझ्याकडे होता आणि मला तो जमत नव्हता. तू सांगितलंस की तुझे बाबा आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजायचे. आधी लांबी, मग गोलाई, मग वहीत ओळ, आणि सगळं झालं की मगच लठ्ठ्याच्या तोंडावर हातोडीचा ठसा. ठसा आधी मारला आणि मोजणारा मधेच जेवायला उठला, तर न मोजलेला लठ्ठा ट्रकवर चढून जाईल, कारण फाटकावरचा माणूस फक्त ठसा बघतो. "फाइलचंही तसंच कर," तू म्हणालीस. "बाजूला कोऱ्या फाइलीत सगळं लिही. शेवटची ओळ पडली का पाहा. मग तिला नाव दे. नाव म्हणजे ठसा. नाव शेवटी." कॉलेजात अडीच वर्षांत एकाही सरांनी मला इतकं स्वच्छ काही सांगितलं नव्हतं. दीपालीने ते तिथल्या तिथे मोबाईलमध्ये लिहून घेतलं. मला वाटलं, तू बघायला हवी होतीस.

पण धनराजभाऊ चूक नव्हते, दिव्यानी. तुझी चाचणी तुझ्या लॅपटॉपवर चोख होती. आजोबांवर नाही, आणि रोज ती चालते आजोबांवर. तो तापला की दमतो. कधी पापणी लवायच्या आत लिहून मोकळा होतो, कधी सुरुवातच करत नाही, जुनी नोंदसुद्धा ठेवलेली नसते, आणि चाचणी आपली ठरल्या वेळेला बटण दाबते आणि ओरडते, नोंद कुठाय? मग पडद्यावर लाल. कुणी काही बदललेलं नसताना लाल. आणि आपल्याकडे लाल दिसलं की पहिलं वाक्य काय, "लाइन झपकली असंल." दुसरं वाक्य, "परत मार." दोनदा मारा, तीनदा मारा, हिरवं झालं की पुढे चला. इन्व्हर्टरवर खापर फोडायला आम्हाला कारणच लागत नाही. आमच्या गावाकडे दूध नासलं तरी लोक लाइनला शिव्या देतात. असं करत करत चौदा महिने आम्ही तुझ्या चाचणीचं ऐकणं बंद केलं, आणि वरून म्हणत राहिलो की तीच खोटारडी आहे.

हे तुला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तुझ्या खणात राहिलेली निळी वही मला सापडली. सप्टेंबरचं पान आहे. त्यावर दोनच ओळी: "घड्याळावर नको. पायरीवर थांबवा." आणि खाली, "धनराजभाऊंना दोन दिवस मागायचे." तू मागितले होतेस, मला आठवतं. ते म्हणाले, दिवाळीनंतर. आणि मी म्हटलं, चालते ना तशीच, कशाला दोन दिवस. मीच म्हटलं. त्या पानाचा अर्थ मला आता लागला. वेळ मोजायची नाहीच, तर लिहिण्याच्या प्रत्येक पायरीनंतर एकदा थांबवून बघायचं: पहिली ओळ पडल्यावर, अर्ध्यात, शेवटच्या ओळीआधी, नाव देण्याच्या आधी, नाव दिल्यावर. मग आजोबा तापो की झोपो, उत्तर तेच येणार. इतकं सोपं. तुझं सगळं सोपंच असतं, आणि ते मला नेहमी वर्षभराने कळतं.

मी धनराजभाऊंना म्हटलं, काढतो, पण आधी तिचा आजवरचा प्रत्येक लाल वाचून काढतो. ते म्हणाले, "वाच. तुले तेवढाच आराम." चौदा महिन्यांत एकसष्ट वेळा लाल. प्रत्येक वेळी चाचणीने खाली दोन ओळी लिहून ठेवल्यात, ज्या आमच्यापैकी कुणी वाचल्या नाहीत. साठ वेळा एकच वाक्य आहे, "नोंद सापडली नाही." म्हणजे आजोबांनी सुरुवातच केली नव्हती, खोटा लाल. एकदा मात्र वेगळं वाक्य आहे: "नाव आहे, शेवटची ओळ नाही." शुक्रवार, दिवाळीच्या आधीचा. दुपारी चार वाजून बत्तीस मिनिटं.

त्या शुक्रवारी मी माझ्या भागात एक बदल केला होता. टॅबलेटवर नोंद साठवायला एक सेकंद जास्त लागायचा आणि मंगलीबाई कुरकुर करायची. मी नाव आधी द्यायला लागलो आणि ओळी मागून. ठसा आधी, मोजणी मागून. सेकंद वाचला. तो वाचलेला सेकंद मी ऑफिसभर दाखवत फिरलो. आणि तुझ्या चाचणीने तो बघता क्षणी पकडला. खाली लिहिलंय, परत चालवली: कुलदीप. पुन्हा लाल, या खेपेला नेहमीचं खोटं वाक्य. परत चालवली: कुलदीप. हिरवं. चार एक्केचाळीस. तू पायऱ्यांवर पिशवी घेऊन उभी होतीस, तुला आलापल्लीची पाचची बस होती, आणि बसस्टँडपर्यंत मी गाडीवर सोडणार होतो. त्या दहा मिनिटांच्या रस्त्यात तुला एक गोष्ट सांगायची असं मी आठवडाभर ठरवलं होतं. मला ते लाल वाचायचं नव्हतं, मला निघायचं होतं. आणि गाडीवर मी तुला काय सांगितलं? मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे. पूर्ण रस्ताभर टायर.

पुढचं तुला माहीत आहे, तू ते पायांनी चाललीस. नोव्हेंबरात नाल्यापलीकडच्या गावात मंगलीबाईने तेवीस पोरं तपासली आणि तेविसाव्या नोंदीला तिचा अंगठा नेमका मधे पडला. प्रत्येक नोंदीला फाइल नव्याने लिहिली जाते, म्हणून दिवसाची सगळी फाइल गेली. परत जाऊन त्याच पोरांना परत टोचायला तू गेलीस, कुणी सांगितलं नसताना. परत आलीस आणि बैठकीत म्हणालीस की कोलू नावाच्या एका आजाने नातवाचं बोट मुठीत धरून विचारलं, पयलंचं रक्त कुठी गेलं? मंगलीबाईने तुला ते मराठीत सांगितलं. तू ते इतकं हळू सांगितलंस. आणि मी, मी उभा राहून ओरडलो, की सारखी बोंबलणारी चाचणी असल्यावर कुणाला कळणार, चाचणीच कामाची नाही, लिहिणारीने आधी ती धड करायची. तू वही बंद केलीस. धनराजभाऊ म्हणाले, "खाली बस रे." मी बसलो नाही, बाहेर गेलो. मला बाहेर जाणं फार छान जमतं.

वर असं लिहिलंय की जणू ते वेगळं वाक्य मी याच आठवड्यात पहिल्यांदा वाचलं. ते खोटं आहे, आणि खोडलं तर कागद घाण होईल म्हणून इथे दुरुस्त करतो. मी ते नोव्हेंबरातच वाचलं होतं. ओरडून बाहेर गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे यायच्या आधी. वाचलं, माझं नाव दोनदा पाहिलं, माझा बदल उलटा केला आणि खाली टीप लिहिली, "किरकोळ दुरुस्ती." तू जानेवारीत पुण्याला जाईपर्यंत मी पंचेचाळीस दिवस तुझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून होतो. एकदाही तोंड उघडलं नाही. ज्याचा राग सगळ्या जिल्ह्याला ऐकू जातो त्याच्या तोंडून हे एक वाक्य निघालं नाही. तू निघालीस तेव्हा सगळ्यांनी तुला निरोप दिला आणि मी मागे इन्व्हर्टरचं पाणी बघत बसलो होतो.

परवा मी मंगलीबाईबरोबर नाल्यापलीकडे गेलो. तिला वाटेत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलं माह्याच अंगठ्यानं झालं. मी तवापासून त्याले झोपवणंच सोडलं." म्हणजे चार महिने ती बाई टॅबलेट जागा ठेवून, चार्जिंगसाठी दर दिवसाआड आठ कोस चालत होती, माझ्यामुळे. मी तिला म्हटलं, बाई, झोपवत जा, तुमचा अंगठा बरोबर आहे. गावात कोलू आजा मोहाची फुलं वाळवत बसला होता. मी त्याच्यासमोर बसून सांगितलं की पहिलं रक्त माझ्यामुळे गेलं. एक मशीन मला सांगत होती थांब, पण मला एका मुलीला बसवर पोहोचवायचं होतं, म्हणून मी ऐकलं नाही. मंगलीबाईने ते त्याच्या माडिया भाषेत सांगितलं, माझ्यापेक्षा दुप्पट वेळ लावून, आणि हातवारे करून. म्हाताऱ्याने फुलं सारखी करता करता माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मंगलीबाई हसायला लागली. म्हणाली, "तो पुसते, मंग बस भेटली का तिले?" मी म्हटलं, भेटली. आजा म्हणाला, ठीक आहे, आणि नातवाला हाक मारून मला पाणी आणायला सांगितलं. तो नातू बरा आहे. दुसऱ्या वेळच्या तुझ्या नोंदीतच त्याचा आजार निघाला, औषध सुरू आहे, धावत जाऊन पाणी घेऊन आला.

आता हे पत्र कशासाठी ते. जुना अंगठा काढायचं काम तयार आहे, माझ्यापाशी अडवून ठेवलंय. तो निघाला की कारणाची टीप आपल्या गटातल्या सगळ्यांना जाते, आणि धनराजभाऊंनी तुझं नाव यादीतून अजून काढलेलं नाही, म्हणजे तुलाही येईल. त्या टिपेत मी लिहिलंय की या चाचणीने एकसष्टपैकी एकदा खरं सांगितलं, त्या दिवशी ते कुणी दाबलं, आणि बैठकीत दोष ज्याने दुसरीवर ढकलला त्याचं नाव काय. हे तुला पुण्यात, चार लोकांमध्ये बसलेली असताना, पडद्यावर कळू नये. तुला सगळ्यांच्या आधी, एकटीला कळावं. तू परत यावंस असं मी मागत नाही, मागायला तोंड नाही. पत्र पोहोचायला सहा दिवस लागतात असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. मी दहा दिवस थांबेन आणि मग बटण दाबेन. नवी चाचणी तुझ्या वहीतल्या दोन ओळींवरून लिहिली आहे. नाव तेच ठेवलंय आणि लिहिणारीच्या जागी तुझं नाव आहे. पाच पायऱ्यांवर थांबवून बघते, आजोबांवर तीनशे वेळा चालवली, तीनशे वेळा एकच उत्तर. पण तुला ओळखतो, तुला सहावी पायरी दिसेल. दिसली तर सांग. आणि दुसरं काही सांगायचं असेल, कितीही लाल असेल, तरी सांग. मी परत मारणार नाही, या खेपेला खालच्या दोन ओळी वाचेन. त्या शुक्रवारी गाडीवर जे सांगायचं होतं तेही इथेच लिहिणार होतो, पण ते तुला टायरच्या हवेपासून माहीत आहे असं मंगलीबाई म्हणते.

सगळं लिहून झालं, शेवटची ओळ पडली का तेही पाहिलं. म्हणून नाव आता.

तुझाच,
कुलदीप